बिंबाभ्रिका आणि एक चुकलेले नाव

भाषाविज्ञानाच्या वर्गात अर्थांतर शिकवताना 'मृग' हा शब्द हमखास येतो. मुळात कोणताही पशू, पुढे केवळ हरीण. जुना अर्थ 'मृगेंद्र'सारख्या समासात तेवढा शिल्लक राहिला. विज्ञानाची परिभाषा अशा घसरणीपासून मुक्त असते, असा आपणा वाङ्मयाच्या अभ्यासकांचा एक भाबडा समज असतो. 'प्लॅनेटरी नेब्युला' या संज्ञेचा इतिहास तो समज दूर करण्यास पुरेसा आहे.

१७८१ मध्ये युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांना पुढील काही वर्षांत दुर्बिणीतून काही फिकट, गोलसर अभ्रिका दिसल्या. त्यांची बिंबे ग्रहाच्या बिंबासारखी भासली, म्हणून नाव ग्रहाचे पडले. साम्य केवळ दिसण्याचे. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील अशाच एका अभ्रिकेचा वर्णपट पाहिला, तेव्हा ताऱ्यासारख्या अखंड पट्ट्याऐवजी मोजक्या तेजस्वी रेषा आढळल्या. म्हणजे ती वायूची होती. त्यातील हिरव्या रेषा ज्ञात मूलद्रव्यांशी जुळेनात, म्हणून 'नेब्युलियम' नावाचे मूलद्रव्यच कल्पिले गेले! त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, अतिविरळ ऑक्सिजनच्या आहेत, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. नेब्युलियम परिभाषेतून गेले. ग्रह मात्र राहिला. १९५६ मध्ये श्क्लोव्हस्की यांनी या अभ्रिकांचा संबंध तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या अखेरीशी जोडला, तरीही राहिला.

खरी गंमत पुढेच आहे. राक्षसी तारा बाह्य थर झुगारून देतो, पण त्याचा उघडा पडत चाललेला गाभा भोवतालचा वायू स्वयंप्रकाशित करण्याइतका (सुमारे ३०,००० केल्विन) तापलेला नसतो. फार तर काही हजार वर्षांची ही अवस्था. ताऱ्याच्या आयुष्यात निमिषमात्र. या काळात अभ्रिका उसन्या प्रकाशाने, धुळीवरून परावर्तित होणाऱ्या ताऱ्याच्याच उजेडाने दिसते. हंस तारकासमूहातील 'एग नेब्युला' हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. झ्विकी यांच्या सूचीत ती चक्क दीर्घिका म्हणून नोंदली गेली होती. १९७० च्या दशकात अग्निबाणांतून झालेल्या अवरक्त पाहणीने तिच्याकडे लक्ष वेधले. मधोमध धुळीचा काळा पट्टा, तारा त्याआड झाकलेला, आणि दोन्ही बाजूंना निसटणारे प्रकाशझोत.

या अवस्थेस 'प्रोटोप्लॅनेटरी' म्हटले गेले. हेच विशेषण नवजात ताऱ्याभोवतीच्या, ग्रह घडवणाऱ्या चकतीलाही लागते. एकाच शब्दाने एकीकडे सुतक आणि दुसरीकडे बारसे! २००५ मध्ये सहाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रीप्लॅनेटरी' ही संज्ञा सुचवली. घोटाळा कमी झाला, पण हर्शेल यांचा ग्रह तिथेही आहेच.

मराठीत मात्र 'बिंबाभ्रिका' असा शब्द आहे. जे दिसले तेवढेच तो सांगतो, ग्रहाला मध्ये आणत नाही. त्याच न्यायाने या आधीच्या अवस्थेला 'पूर्वबिंबाभ्रिका' म्हणावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. उच्चाराला थोडा जड आहे खरा.