स्वच्छ पाणी आणि ‘शुद्ध’ पाणी : पनवेल ते महाड

१/ साथ आली की हात धुवा, पाणी उकळून प्या, कपडे स्वच्छ ठेवा, असा उपदेश सुरू होतो. उपदेश योग्यच, परंतु तो पाळण्यासाठी आधी पाणी मिळावे लागते. जुन्या कुलाबा, म्हणजेच आजच्या रायगड जिल्ह्याच्या इतिहासात याचा ठळक दाखला आहे.

२/ पनवेल नगरपालिका १८५२ सालची. ज्या १८५० च्या कायद्यान्वये अशा नगरपालिका निघाल्या, त्यात रस्ते, गटारे व तळी यांच्या स्वच्छतेची तरतूद होती. रोगजंतूंचा सिद्धान्त मात्र अद्याप प्रस्थापित झाला नव्हता. घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेने रोग पसरतात, असाच सर्वसाधारण समज होता.

३/ १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कोलकात्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले. आंघोळ, धुणे आणि पिण्याचे पाणी एकाच तळ्यावर असण्यातील धोका त्यामुळे स्पष्ट झाला. कृष्णाळे, वडाळे यांसारखी तळी असलेल्या पनवेलसारख्या गावांसाठी हे ज्ञान मोलाचे होते.

४/ याच जिल्ह्यात, पनवेलच्या दक्षिणेस महाड. तेथील चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्ये ठरावाने सर्वांना खुले केले. प्रत्यक्षात अस्पृश्यांना तेथे पाणी घेता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी ते पाणी प्यायले.

५/ यानंतर सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले, तेही पंचगव्याने. पंचगव्यात शेण व गोमूत्र असते. कॉख यांच्या शोधाला तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती. पिण्याच्या पाण्यात शेण मिसळणे हे आरोग्याच्या दृष्टीने दूषितीकरणच. परंतु तेथे प्रश्न रोगाचा नव्हता, विटाळाचा होता.

६/ डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले : वस्त्रे जुनी असली तरी स्वच्छ असावीत, घरात अमंगळपणा नसावा. त्याच दिवसांत न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईहुकुमामुळे तळ्यावरील दुसरा सत्याग्रह स्थगित करावा लागला होता. स्वच्छतेचा आग्रह आणि पाण्याचा हक्क ही त्यांच्या दृष्टीने एकच लढाई होती.

७/ मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मार्च १९३७ मध्ये लागला. सार्वजनिक तळ्यावर घागर भरण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे लागली. ‘त्या वस्तीतले लोक अस्वच्छ असतात’ असे म्हणण्यापूर्वी त्या वस्तीला पाणी कोठून आणि किती मिळत होते, हे पाहावे लागते.