कॅरिझोच्या मोडीची उत्तरकथा

घरगुती सौरविजेचा इतिहास 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या सिलिकॉनच्या सौरघटापासून सांगण्याचा प्रघात आहे, आणि तो वावगाही नाही. परंतु कृत्रिम उपग्रहांच्या अंगावर मिरवणारी ही मोलाची वस्तू सामान्य गृहस्थाच्या छपरावर कशी उतरली याचा माग काढू लागले, म्हणजे वाट मोडीच्या बाजाराकडे वळते. 1970 नंतरच्या दशकात एलियट बर्मन या संशोधकाने सौरघटाचा दर वॉटमागे शंभर डॉलरांवरून वीस डॉलरांच्या आसपास आणला, तो इलेक्ट्रॉनिक उद्योगाने नापास ठरवून बाजूला टाकलेल्या सिलिकॉनच्या चकत्या पदरात घेऊन.

या परंपरेतील सर्वांत बोलके प्रकरण कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो परगण्यात, कॅरिझोच्या माळरानावर घडले. आर्को या तेल कंपनीच्या सौरशाखेने तेथे 1980 नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात सुमारे पाच मेगावॉटांचे, त्या काळी जगात अग्रगण्य असे केंद्र उभारले, आणि सूर्यामागे फिरणाऱ्या सांगाड्यांवर पॅनेलांच्या बाजूंस आरसे बसवून अधिक प्रकाश त्यांच्यावर वळविला. त्या प्रकाशाबरोबर उष्णताही वाढली. काच व सौरघट यांना चिकटवून ठेवणारा पारदर्शक थर प्रथम पिवळा आणि पुढे उकळलेल्या चहासारखा तपकिरी झाला. उत्पन्न घटत गेले, कंपनीने सौरव्यवसायातूनच अंग काढून घेतले, आणि 1990 नंतरच्या दशकात केंद्र मोडीत निघून हजारो पॅनेले जुन्या मालाच्या बाजारात आली.

गिऱ्हाईक तयारच होते. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ मुलखात, जेथे वीज कंपनीच्या तारा पोहोचल्या नव्हत्या, तेथे शहर सोडून स्थायिक झालेली कुटुंबे मोटारीची बॅटरी आणि बारा व्होल्टांचे दिवे यांवर आपला संसार चालवीत होती. 1978 पासून ‘रिअल गुड्स’ हे दुकान त्यांना सामान पुरवीत होते आणि 1987 पासून ‘होम पॉवर’ हे नियतकालिक विद्या. वीजकेंद्राच्या जमाखर्चात जे पॅनेल तोट्याचे ठरले होते, तेच या गृहस्थांच्या लेखी लाभाचे ठरले. कारण त्यांना एकरी उत्पन्न काढावयाचे नव्हते, रात्रीचे दोन दिवे आणि पाण्याचा पंप चालवावयाचा होता.

मात्र जुने पॅनेल पारखून घेण्याचे एक शास्त्र आहे. केवळ व्होल्ट मोजणारा फसतो, कारण तपकिरी पडलेले पॅनेलही मोकळ्या तारांवर जवळजवळ पूर्ण व्होल्ट दाखविते. उणीव उघडी पडते ती भर दुपारच्या उन्हात, क्षणभर दोन्ही तारा मीटरमधून जोडून अँपिअर पाहिल्यावर. एकापुढे एक जोडलेल्या माळेत सर्वांत दुबळे पॅनेल साऱ्यांचा प्रवाह अडविते. म्हणून सारख्या अँपिअरची पॅनेले निवडून एका माळेत घालावी, आणि माळा शेजारी शेजारी जोडताना त्यांचे व्होल्ट जुळवावे. काच तडकलेले, जळल्याचे डाग पडलेले वा पाणी शिरलेले पॅनेल मात्र निःशंकपणे नाकारावे.

कॅरिझोच्या माळावर आज टोपाझ नावाचे 550 मेगावॉटांचे केंद्र उभे आहे, आणि आपल्याकडेही 2022 च्या ई-कचरा नियमांत टाकाऊ सौर पॅनेलांचा समावेश झाला आहे. घरोघरीच्या छपरांवरील पॅनेले पुढे उतरविली जातील, तेव्हा ती भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी एकदा दुपारच्या उन्हात मीटरला लावून पाहावी, एवढीच वाचकांना विनंती.