अंपायर कुणाचा?

लालबागच्या आमच्या चाळीत क्रिकेटचे नियम पक्के होते. बॉल पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेला तर आऊट. तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीला लागला तर आऊट, वर बॉल मागायलाही त्यानेच जायचं. एलबीडब्ल्यू मात्र नव्हतं. का नव्हतं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. अंपायर नेहमी बॅटिंगवाल्यांचा असायचा, कारण फिल्डिंगवाल्यांना एक पोरगा कमी करणं परवडत नसे. आणि बॅटिंगवाला अंपायर आपल्याच दोस्ताला पायचीत देईल, यावर कुणाचा विश्वास नव्हता. मग दुसऱ्याच्या नजरेवर भरवसा ठेवावा लागतो, तो नियमच आम्ही काढून टाकला. तरी भिंतीवर खडूने काढलेल्या स्टंपांना बॉल लागला की नाही, यात अर्धी संध्याकाळ जायचीच.

पुढे कधीतरी शब्दकोशात डोकावलो, तर हा ‘अंपायर’ मुळात अंपायर नव्हताच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ असा शब्द होता. ‘पेर’ म्हणजे बरोबरीचा, जोडीचा. नॉनपेर म्हणजे ज्याची कुणाशी जोडी नाही असा, थोडक्यात विषम. इंग्रजांच्या तोंडी ‘अ नाउंपर’चं हळूहळू ‘ॲन आउंपर’ झालं आणि सुरुवातीचा ‘न’ गळून पडला. ‘एप्रन’चंही असंच झालं, तो मूळचा ‘नेप्रन’.

म्हणजे या शब्दात शहाणपण, न्यायबुद्धी, सज्जनपणा वगैरे काही नाही. नुसतं गणित आहे. दोघांचं अडलं की सुटायला तिसरा लागतो, आणि तो दोघांपैकी कुणाच्याच जोडीचा नको.

मराठीत आपण अंपायरला ‘पंच’ म्हणतो. पाच हा आकडाही विषमच. पण मला जास्त जवळचा वाटतो तो ‘तिऱ्हाईत’. त्याच्यातही तीनच लपलेत. फक्त आपण तो जरा तुटकपणे वापरतो: तिऱ्हाइतासमोर घरातलं बोलू नये, तिऱ्हाइताला काय पडलंय. गावचे पंच तसे तिऱ्हाईत नसत. त्यांना दोन्ही घरं ठाऊक असत, बांध कुणी सरकवला तेही ठाऊक असे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या पंचायतींचं बरंच वर्णन आहे. निवाडा मान्य करू, असं वादी-प्रतिवाद्यांकडून आधी लिहून घेत. त्या कागदाचं नाव राजीनामा. राजी असल्याचा कागद. आज तोच शब्द नोकरी सोडताना वापरतो, पण मूळ मुद्दा हा की पंच बसण्याआधी दोघांनी ‘हा चालेल’ म्हणायचं.

कायद्यालाही हे गणित चुकलं नाही. १९४० च्या लवाद कायद्यात लवादांची संख्या सम असेल, तर त्यांनी मिळून एक ‘अंपायर’ नेमावा, असं होतं. १९९६ च्या नव्या कायद्याने संख्या सम असूच नये, असं सरळ सांगून टाकलं.

मुंबईत हा प्रश्न मैदानावर फार लवकर आला. १८९२ मध्ये युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने सुरू झाले, १९०७ मध्ये हिंदू संघ आला, १९१२ मध्ये मुस्लिम. सुरुवातीची बरीच वर्षं पंच युरोपियनच असत. म्हणजे खेळायला साहेब आणि आऊट द्यायलाही साहेब. आमच्या चाळीसारखंच, फक्त हिरवळीवर. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला, जे त्या सामन्यात खेळत नाहीत त्यांच्यातून पंच घ्यायची पद्धत आली. जमातींच्या नावाने खेळवलेल्या त्या स्पर्धेबद्दल मला फार प्रेम नाही. पण हा एक शहाणपणा तिने केला.

तिथून तीन-चार मैलांवर, परळ-लालबागच्या गिरण्यांत मात्र वेगळं चाललं होतं.

१९३४ साली मुंबई सरकारने गिरण्यांतल्या तंट्यांसाठी समेटाचा कायदा केला. कामगारांची बाजू मांडायला एक लेबर ऑफिसर, तो सरकारी नोकर. मध्ये पडायला चीफ कन्सिलिएटर, म्हणजे लेबर कमिशनर, तोही सरकारी नोकर. १९३८ मध्ये काँग्रेसच्या प्रांतिक सरकारने पुढचा कायदा आणला: समेटाचे सगळे टप्पे संपल्याशिवाय केलेला संप बेकायदा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्यावर झोड उठवली. काम नाकारणं हा गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला गुलाम करणं, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. एरवी त्यांचं फारसं पटत नसे.

मग १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच ‘प्रातिनिधिक’ युनियनला. गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगाराला ती आपली वाटो न वाटो, कन्सिलिएटरसमोरची खुर्ची तिचीच.

माझे आजोबा विव्हिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यातले ते एक. दत्ता सामंतांच्या मागण्यांत पगार होता, बदली कामगार होते आणि तो १९४६ चा कायदा रद्द करा, हेही होतं. पगाराचं सगळ्यांना आठवतं, कायद्याचं कुणी बोलत नाही. मला तर तीच मागणी मुख्य वाटते. सामंत कायद्याच्या नजरेत कामगारांचे प्रतिनिधीच नव्हते, तर त्यांच्याशी बोलणार कोण? मालकांना घाई नव्हती. आणि सरकारने मध्ये पडावं म्हणावं, तर काही गिरण्या नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनमार्फत सरकारच चालवत होतं. तिसरा म्हणून जो उभा होता, तोही खेळत होता.

संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. आजोबा परत कामाला लागले नाहीत. आजी खानावळीचे डबे करायची ती करतच राहिली. बाबांनी कॉलेज सोडलं.

नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडिजची कसोटी होती. घरच्या पंचांवरून होणाऱ्या सततच्या कुरबुरींना इम्रान खान कंटाळला होता. त्याच्या आग्रहाने दोन्ही पंच बाहेरून बोलावले, तेही भारतातून: व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. चौकाराची खूण कंबरेत वाकून, हात झुलवत करायचे, तेच रिपोर्टर. आयसीसीला दोन्ही पंच तटस्थ ठेवायचा नियम करायला पुढे २००२ उजाडलं.

आजोबांनी ती बातमी जिन्याजवळच्या बाकावर बसून मोठ्याने वाचली होती. शेजारी त्यांच्याच खात्यातले दोघं होते, तेही घरीच. बाबा सांगतात, वाचून झाल्यावर त्यांनी पेपरची घडी केली, चष्मा काढला आणि म्हणाले, “आपण पण लाहोरहून कुणाला तरी बोलवायला पाहिजे होतं.”