रुग्णालयीन डॉक्टरांचे पदांतर व साहाय्य

रुग्णालयात नोकरी करणाऱ्या डॉक्टरला नवे पद शोधताना, त्याची पारख करताना आणि तेथे रुजू होताना मिळणारे मार्गदर्शन म्हणजे पदांतर-साहाय्य. महाराष्ट्रात अशा पदांचे दरवाजे अनेक आहेत : शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालये, महापालिका, कर्मचारी राज्य विमा महामंडळ, विश्वस्त संस्थांची आणि खासगी रुग्णालये. प्रत्येकाची जाहिरात वेगळी, निवडीची रीत वेगळी. कुठे लोकसेवा आयोग, कुठे वॉक-इन मुलाखत, कुठे करारावरची नेमणूक. तरीही बहुतेक डॉक्टरांना जागा सापडते. अडचण पुढे येते : सापडलेल्या जागेचा निर्णय डॉक्टर अपुऱ्या माहितीवर, ड्युटी सांभाळत, एकट्यानेच घेतो. म्हणून या साहाय्याचा गाभा जागा मिळवून देण्यापेक्षा स्वतंत्र सल्ला हा असायला हवा.

निर्णय कुठे फसतो हे ठाऊक असलेला सल्लागार पुष्कळ नुकसान टाळू शकतो. एमडी किंवा एमएस झाल्यावर सहायक प्राध्यापक व्हायचे, तर साधारणपणे एक वर्ष सिनियर रेसिडेंट म्हणून काम केलेले असावे लागते. पदवीनंतर थेट खासगी रुग्णालयात गेलेल्यांना अध्यापनाकडे वळताना हे वर्ष भरून काढावे लागते. राज्य बदलायचे तर जुन्या वैद्यकीय परिषदेच्या ना-हरकत प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. खासगी रुग्णालयाच्या करारात सर्वांची नजर पगारावर जाते. नोटिशीची मुदत, किमान उत्पन्नाची हमी (मिनिमम गॅरंटी) किती महिने, रात्रीच्या कॉलची जबाबदारी कोणाची, हे मात्र सही झाल्यावर कळते. नोकरी सोडल्यावर त्याच शहरात प्रॅक्टिस न करण्याची अट अनेकांना घाबरवते. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 27 नुसार व्यवसायावरील असे निर्बंध सर्वसाधारणपणे निरर्थ ठरतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 मधील व्ही. पी. शांता निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते. साहजिकच जुन्या कामाविषयीचा दावा डॉक्टर नव्या पदावर गेल्यानंतरही येऊ शकतो. तेव्हा विम्याचे संरक्षण कोणाचे, हे राजीनाम्याआधीच विचारायला हवे.

डॉक्टरांचा तुटवडा असताना त्यांना आधाराची गरजच काय, असा आक्षेप घेतला जातो. अमेरिकेचा अनुभव याच्या उलट आहे. तेथे 1940 च्या दशकात इंटर्नच्या जागा उमेदवारांपेक्षा जास्त होत्या. तरी रुग्णालये चढाओढीने पदवीच्या दोन-दोन वर्षे आधी जागा देऊ करीत आणि नंतर तर काही तासांत होकार मागत. जागा मुबलक होत्या, पण निवडायला सवड नव्हती. यावर उपाय म्हणून 1952 मध्ये दोन्ही बाजूंच्या पसंतीक्रमानुसार नेमणुका करणारी मध्यवर्ती व्यवस्था सुरू झाली. डॉक्टर दांपत्यांना एकाच गावी जागा मिळण्यातली अडचण लक्षात घेऊन 1990 च्या दशकात अल्विन रॉथ यांनी तिची फेररचना केली. अशा जुळणीच्या अभ्यासासाठी त्यांना 2012 मध्ये लॉइड शॅप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

साहाय्य मिळाले की डॉक्टर ग्रामीण रुग्णालये सोडतील, ही दुसरी शंका गंभीर आहे. खुद्द रॉथ यांनीच दाखवून दिले की नुसती जुळणीची पद्धत बदलून ग्रामीण जागा अधिक भरत नाहीत. त्या भरायच्या तर जागेच्या अटीच सुधारल्या पाहिजेत : राहण्यायोग्य निवासस्थान, जोडीदाराला जवळपास नेमणूक, रजेवर जाताना बदली डॉक्टर, आणि अकरा महिन्यांच्या कराराऐवजी स्थैर्य. अज्ञानामुळे अडकून राहिलेला डॉक्टर रुग्णांना टिकाऊ सेवा देऊ शकत नाही. उलट डॉक्टर का सोडतात, हे सल्लागाराकडे नोंदले गेले तर शासनाला त्या उणिवा दिसतील. भरती करणाऱ्या खासगी संस्था पुरेशा आहेत, हे म्हणणेही टिकत नाही. त्यांचे शुल्क सहसा रुग्णालय देते. साहजिकच ‘ही जागा घेऊ नका’ हा सल्ला त्यांच्याकडून अपेक्षिता येत नाही. तो देऊ शकेल अशी विनामूल्य, गोपनीयता पाळणारी सल्लासेवा वैद्यकीय परिषद आणि डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून उभारावी. तिचा खर्च डॉक्टरांवरील उपकार म्हणून मांडू नये. तो रुग्णसेवेचाच खर्च आहे.