दुकानाच्या छतावरचा तो डबा: रूफटॉप एसी युनिट निवडताना नेमकं काय बघायचं?

गूगल मॅप्सवर अमेरिकेतल्या कुठल्याही शहराचं सॅटेलाइट चित्र उघडा आणि एखाद्या बाजारपेठेवर झूम करा. सपाट छतं दिसतील आणि प्रत्येक छतावर ओळीने मांडलेले करड्या-पांढऱ्या रंगाचे चौकोनी डबे दिसतील. ते पाण्याच्या टाक्या नाहीत आणि जनरेटरही नाहीत. खालच्या दुकानांना उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम ठेवणारी ती यंत्रं आहेत. त्यांना म्हणतात पॅकेज्ड रूफटॉप युनिट, थोडक्यात आरटीयू.

आपल्याकडेही ही यंत्रं काही मॉल, मल्टिप्लेक्स, सुपरमार्केट आणि मोठ्या हॉलच्या गच्चीवर असतात. पण अमेरिकेत छोट्या व्यावसायिक इमारतीचा एसी म्हणजे हाच, इतकं ते रुळलेलं आहे. तिकडे रेस्टॉरंट, किराणा दुकान किंवा डे-केअर चालवणाऱ्या मराठी माणसालाही कधी ना कधी या डब्याचा निर्णय घ्यावा लागतो. हा डबा साधारण १५ वर्षं छतावर बसतो, त्यामुळे निवड चुकली तर तेवढी वर्षं वीजबिलातून भरपाई चालू राहते.

डब्यात असतं तरी काय?

घरच्या स्प्लिट एसीचा एक भाग आत आणि एक बाहेर असतो. इथे सगळं एकाच पेटीत: कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल, पंखे, फिल्टर, बाहेरची हवा आत घेणारी झडप आणि थंड प्रदेशात गॅसचा बर्नर. छताला भोक पाडून त्याभोवती लोखंडी चौकट बसवतात, तिला कर्ब म्हणतात. डबा त्या चौकटीवर ठेवला की त्याच्या पोटातूनच डक्ट खाली उतरतात. रेफ्रिजरंट कारखान्यातच भरलेला असतो, त्यामुळे जागेवर तांब्याचे पाइप जोडत बसावं लागत नाही. मेकॅनिक आला तरी तो शिडीने वर जातो आणि खालचं गिऱ्हाईक निवांत जेवत राहतं.

आता टनाचा घोळ. दहा टनांचं युनिट म्हणजे दहा टन वजनाचं नव्हे (वजनाला ते साधारण अर्धा टन भरतं). एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खेचून घेण्याची क्षमता म्हणजे एक टन. आकड्यात तासाला १२,००० बीटीयू किंवा साधारण ३.५ किलोवॅट. बर्फाच्या लाद्या वापरून गारवा आणायच्या काळातलं हे माप अजून चालू आहे. छोट्या व्यावसायिक इमारतींवरची युनिट्स साधारण ३ ते २५ टनांची असतात.

किती टन घ्यायचं?

पहिली चूक इथेच होते. जुनं युनिट दहा टनांचं होतं, म्हणून नवंही दहा टनांचंच मागवलं जातं. पण जुनं बसवलं तेव्हा दुकानात ट्यूबलाइटच्या रांगा होत्या, आता एलईडी आहेत. छताला मधल्या काळात इन्सुलेशन झालं असेल. किंवा उलट, कपड्याच्या दुकानाच्या जागी आता पिझ्झाचा ओव्हन आला असेल. 'अमुक चौरस फुटांना एक टन' हा ठोकताळा बोलणी सुरू करायला ठीक आहे, ऑर्डर द्यायला नाही. त्यासाठी भिंती, काचा, छत, माणसं, यंत्रं आणि बाहेरची हवा यांचा हिशोब मांडावा लागतो. त्याला लोड कॅल्क्युलेशन म्हणतात. कॉन्ट्रॅक्टरने ते न करता टनांचा आकडा सांगितला, तर तो कशावरून काढला हे विचारायलाच हवं.

थोडं मोठं घेतलं तर बिघडतं काय? दमट हवेत बरंच बिघडतं. एसी दोन कामं करतो, हवा थंड करतो आणि तिच्यातलं पाणी काढतो. गरजेपेक्षा मोठं युनिट पाच-सात मिनिटांत तापमान खाली आणतं आणि बंद पडतं. एवढ्या वेळात कॉइलवर पुरेसं पाणी जमतच नाही. मग थर्मोस्टॅट २३ अंश दाखवतो, तरी खुर्च्या चिकट लागतात आणि छताच्या टाइल्सना कुबट वास येतो. वारंवार चालू-बंद झाल्याने कॉम्प्रेसरही लवकर जातो. म्हणून मोठ्या टनेजपेक्षा दोन किंवा जास्त टप्प्यांत चालणारा, किंवा वेग कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर बरा.

बाहेरची हवा हा लपलेला खर्च

घरचा एसी खोलीतलीच हवा फिरवतो. व्यावसायिक इमारतीत तसं चालत नाही, कारण माणसं श्वास घेतात आणि नियमाप्रमाणे ताजी हवा द्यावीच लागते. अमेरिकेत यासाठी 'अॅश्रे ६२.१' हे मानक वापरतात. रेस्टॉरंटच्या जेवणाच्या भागासाठी त्यात माणशी ७.५ घनफूट प्रति मिनिट आणि शिवाय दर चौरस फुटाला ०.१८ असा हिशोब आहे. समजा २,००० चौरस फूट जागा आणि १०० माणसं. ७५० अधिक ३६०, म्हणजे मिनिटाला १,११० घनफूट बाहेरची हवा.

ही हवा फुकट मिळते, पण थंड फुकट होत नाही. बाहेर ३३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल, म्हणजे न्यू जर्सीतली उन्हाळ्याची दुपार, तर तेवढ्या हवेला आतल्या २४ अंशांवर आणायलाच चार-साडेचार टन लागतात. तापमान तेच ३३ पण आर्द्रता ७० टक्के, म्हणजे मुंबईचा मे महिना, तर आकडा सात टनांच्या आसपास जातो. एकही माणूस आत आलेला नाही आणि एकही दिवा लागलेला नाही, तरी हा भार आहेच. दमट गावात बाहेरच्या हवेचा हिशोब सोडून निवडलेलं युनिट पहिल्याच उन्हाळ्यात उघडं पडतं ते यामुळे.

यावरचा एक उपाय म्हणजे कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर. हॉल रिकामा असेल तेव्हा झडप मिटते आणि भरला की उघडते. लग्नाचा हॉल, शाळा, प्रार्थनास्थळ अशा कधी गच्च तर कधी ओस पडणाऱ्या जागांना तो हमखास घ्यावा.

दुसरा भाग इकॉनॉमायझर. बाहेर गारवा असेल तेव्हा कॉम्प्रेसर बंद ठेवून बाहेरचीच हवा आत घेणारी ही यंत्रणा. शिकागो किंवा डेन्व्हरसारख्या ठिकाणी वसंतात आणि शरदात तिच्यावर बरेच तास भागतं. पुणे-नाशिकला हिवाळ्यातल्या रात्री आणि सकाळी थोडा उपयोग होईल. मुंबई-गोव्यात त्यासाठी पैसे घालवण्यात फारसा अर्थ नाही. आणि जिथे बसवला आहे तिथेही वर्षातून एकदा झडप खरंच हलते का, हे पाहायला हवं. उघडी अडकलेली झडप ऐन उन्हाळ्यात गरम हवा आत ओढत राहते आणि खाली बसलेल्या कुणाला ते कळतही नाही, वाढतं ते फक्त बिल.

स्टिकरवरचा आकडा काय सांगतो?

एसीला आपल्याकडे स्टार बघतात, तसा अमेरिकेत या युनिटांसाठी आयईईआर हा आकडा बघतात. साधारण साडेपाच ते सव्वाअकरा टनांच्या एसी युनिटला तिथे १ जानेवारी २०२३ पासून किमान १४.८ आयईईआर लागतो. गॅस हीटिंग असेल तर १४.६.

पण हा आकडा बनतो कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. युनिट चार वेगवेगळ्या भारांवर तपासतात आणि त्यांची सरासरी काढतात. त्यात पूर्ण भाराला, म्हणजे बाहेर ३५ अंश असतानाच्या कामगिरीला, वजन आहे फक्त २ टक्के. सर्वात जास्त, ६१.७ टक्के वजन आहे ७५ टक्के भाराला आणि तेव्हा बाहेरचं तापमान धरलेलं असतं २७.५ अंश. अमेरिकेतल्या बहुतेक गावांसाठी हे योग्यच आहे, कारण तिथे वर्षातले फार थोडे तास कडक उन्हाळ्याचे असतात.

नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्याचं चित्र मात्र या आकड्यात कुठेच नाही. ४५-४६ अंशांना तेच युनिट कागदावरच्या क्षमतेपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी गारवा देतं आणि वीज जास्त खातं. त्यात तापलेल्या काळ्या छतावर कंडेन्सरला मिळणारी हवा वेधशाळेच्या आकड्यापेक्षाही गरम असते. विदर्भात घेणाऱ्याने म्हणून ब्रोशरच्या पहिल्या पानावर थांबू नये. कंपनीकडून ४६ अंशांवरच्या क्षमतेचा तक्ता मागावा आणि युनिट किती अंशांपर्यंत न थांबता चालतं हेही लिहून घ्यावं. सगळ्या नामांकित कंपन्यांकडे हा तक्ता असतो.

विजेच्या बाबतीत पंख्याकडेही दुर्लक्ष होतं. दुकान उघडं असेपर्यंत आतला पंखा दिवसभर फिरत असतो, कॉम्प्रेसर थांबला तरी. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारी वीज हिशोबाने आठव्या भागावर येते. त्यामुळे वेग बदलणारा पंखा ही चैन समजू नये. बऱ्याच ठिकाणी सर्वात आधी तिथलेच पैसे वसूल होतात.

गरम कशाने करायचं?

महाराष्ट्रात हा भाग बहुतेक वगळताच येतो. अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र तोच मुख्य. गॅसचा बर्नर जुना आणि विश्वासाचा पर्याय, त्याची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास. दुसरा पर्याय हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी, जो बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता खेचून आत आणतो. त्याची परीक्षा ८.३ अंशांना होते आणि उणे ८.३ अंशांनाही. विकणारा पहिला आकडा पुढे करतो, तुम्ही दुसरा विचारा, कारण थंडी वाढते तशी हीट पंपाची ताकद घटते आणि नेमकी तेव्हाच गरज वाढलेली असते. उरलेली तूट गॅसने भरणारी जोड-युनिट्सही मिळतात. नुसत्या विजेच्या कॉइलवर हिवाळा काढणं सर्वात महाग पडतं.

रेफ्रिजरंट बदलला आहे

इतकी वर्षं आर-४१०ए हा वायू सर्वत्र होता. हवेत गळला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २,०८८ पट तापमानवाढ करतो. अमेरिकेने नव्या यंत्रणांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा ७०० वर आणली, त्यामुळे नवी युनिट्स आर-४५४बी (४६६) किंवा आर-३२ (६७५) वर येतात. हे दोन्ही वायू किंचित ज्वलनशील आहेत, म्हणून अशा युनिटांत गळती ओळखून पंखा चालू करणारी व्यवस्था असते. नवा वायू जुन्या युनिटमध्ये भरता येत नाही, कुणी 'चालतं हो' म्हणालं तरी. भारताने किगाली करार २०२१ मध्ये मंजूर केला असून आपल्याकडे या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवला जाईल आणि २०३२ पासून कपात सुरू होईल. आज घेतलेलं युनिट २०४० पर्यंत छतावर असेल, तेव्हा आतला वायू कोणता, हा प्रश्न पैशाचाही आहे.

छतावर चढून बघायच्या गोष्टी

जुना कर्ब नव्या युनिटला बसेलच असं नाही. कंपनी बदलली की मापं बदलतात आणि मध्ये अॅडाप्टर घालावा लागतो. तो नीट जुळला नाही तर हवा अडते आणि पहिल्या पावसात छत गळतं. वजन वाढलं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय क्रेन बोलावू नये.

किचनच्या चिमणीचं तोंड युनिटच्या हवा घेणाऱ्या तोंडापासून किमान १० फूट लांब हवं, नाहीतर फोडणीचा वास परत डायनिंगमध्येच येतो. अमेरिकेतून स्वस्तात मिळतंय म्हणून ६० हर्ट्झचं युनिट भारतात आणायचा मोह टाळावा, ५० हर्ट्झवर त्याच्या मोटरी पाचषष्ठांश वेगानेच फिरतील.

कोकण-गोव्यात आणि मुंबईच्या किनाऱ्याजवळ खारी हवा तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनिअमच्या पत्र्यांचा जोड खाऊन टाकते. तिथे कॉइलला कारखान्यातूनच संरक्षक लेप दिलेला हवा.

आणि एक अगदी क्षुल्लक वाटणारी वस्तू: पाणी जाण्याच्या पाइपला यू आकाराचं वळण. पंखा कॉइलमधून हवा ओढत असतो, त्यामुळे ट्रेवरही ओढ असते. वळणात पाणी साठलेलं नसेल तर पाइपातून उलटी हवा आत येते, ट्रेमधलं पाणी बाहेर जात नाही आणि ते छताच्या टाइल्समधून थेट टेबलावर टपकतं. लोक युनिट बदलायला निघतात आणि दुरुस्ती निघते दोन एल्बोंची.

अमेरिकेत भाड्याच्या जागेत धंदा करणाऱ्याने कोटेशन मागवण्याआधी भाडेकरार उघडावा. 'ट्रिपल नेट' करारात कर, विमा आणि देखभाल भाडेकरूच्या डोक्यावर असते, पण युनिट पूर्ण बदलायचं झालं तर पैसे मालकाने द्यायचे की भाडेकरूने, हे बऱ्याचदा संदिग्ध असतं. सही करण्याआधी मेकॅनिकला छतावर पाठवून युनिटच्या पाटीवरचं उत्पादनाचं वर्ष बघून घ्यावं. पाटीवर १४ वर्षांपूर्वीची तारीख असेल, तर भाडं ठरवतानाच नव्या युनिटची गोष्ट काढायची.