परराष्ट्रमंत्र्याला जाब विचारणारे बाबासाहेब

गेल्या जयंतीच्या आधी आमच्या हमरापूरच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला. मजकूर असा, की १९६२ चे चीन युद्ध होणार हे बाबासाहेबांनी आधीच सांगून ठेवले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या एका ताईने विचारले, "त्यांनी सांगितलं, मग सरकारने काय उत्तर दिलं?" टाळ्या थांबल्या. या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे.

बाबासाहेब म्हणजे राज्यघटना, आरक्षण आणि धम्म अशी एक चौकट प्रस्थापितांनी आखून दिली आणि आपणही ती बऱ्याच अंशी मान्य केली. या चौकटीत परराष्ट्र धोरण बसत नाही. ते त्यांच्या हयातीतही बसू दिले गेले नव्हते. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी स्पष्ट नोंदवले आहे, की मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र व्यवहार समितीवर आणि संरक्षण समितीवर त्यांना घेतले नव्हते. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला, अर्थशास्त्रावर जागतिक दर्जाचे लेखन केलेला माणूस कायदामंत्री होऊ शकत होता, पण देशाचे जगाशी नाते कसे असावे हे ठरवणाऱ्या खोलीत त्याला खुर्ची नव्हती. याला योगायोग म्हणायचे असेल तर म्हणा.

तरीही ते गप्प बसले नाहीत. डिसेंबर १९४७ मध्येच त्यांनी नेहरूंना पत्र लिहून पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांचा प्रश्न मांडला होता. सिंधमधल्या सफाई कामगारांना "अत्यावश्यक सेवा" म्हणून तिथून निघू दिले जात नव्हते. इतर हिंदू निघाले तरी चालतील, पण मैला उचलणारा निघता कामा नये! दोन देशांच्या सीमेवरसुद्धा जात कशी काम करते, याचे याहून उघडे उदाहरण नाही. पुढे ऑक्टोबर १९५० मध्ये पाकिस्तानचे कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांनीही राजीनामा दिला आणि ते भारतात परतले. बाबासाहेबांच्या दृष्टीने परराष्ट्र धोरण म्हणजे फक्त राजदूतांच्या मेजवान्या नव्हत्या. सीमेपलीकडे अडकलेल्या आपल्या माणसांचे काय, हा त्यातला पहिला प्रश्न होता.

आता १० ऑक्टोबर १९५१ चा दिवस पाहू. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला सभागृहात निवेदन करण्याचा अधिकार असतो. पण उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली आणि वेळ संध्याकाळवर ढकलली. बाबासाहेब सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. हिंदू कोड बिलाचा बळी, अनुसूचित जातींकडे झालेले दुर्लक्ष ही कारणे आपल्याला पाठ आहेत. पण त्यातच परराष्ट्र धोरणावरचा एक मोठा भाग आहे. स्वातंत्र्याच्या दिवशी आपले वाईट चिंतणारा एकही देश नव्हता आणि चार वर्षांत आपण एकटे पडलो, असे त्यांनी म्हटले. पाठोपाठ हिशेबही मांडला: वर्षाला सुमारे ३५० कोटींचा महसूल, त्यातले १८० कोटी लष्करावर. मित्र नाहीत म्हणून सैन्यावर खर्च वाढतो आणि तो खर्च उपाशी माणसाच्या ताटातून जातो, असा तो युक्तिवाद होता.

नेहरू १९४७ पासून १९६४ पर्यंत पंतप्रधानही होते आणि परराष्ट्रमंत्रीही. म्हणजे परराष्ट्र धोरणावर संसदेत प्रश्न आला की उत्तर त्यांनाच द्यावे लागे. बाबासाहेब १९५२ मध्ये मुंबईतून लोकसभेला हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूकही हरले. मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेलेला, दोनदा पाडलेला हा खासदार २६ ऑगस्ट १९५४ रोजी आंतरराष्ट्रीय परिस्थितीवरील चर्चेत उभा राहिला. त्याच वर्षी २९ एप्रिलला तिबेटसंबंधी भारत-चीन करार झाला होता आणि पंचशीलाचा गाजावाजा सुरू होता. बाबासाहेबांचा सवाल रोकडा होता. पंचशील हा बुद्धाच्या धम्मातला शब्द आहे. माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. ल्हासा चीनच्या हाती जाऊ दिल्याने चीनची सरहद्द आपल्या दारात आली, हेही त्यांनी बजावले. गोव्याबद्दल त्यांचे म्हणणे होते, की सुरुवातीलाच छोटी पोलीस कारवाई पुरेशी ठरली असती. विकत घेणे किंवा वऱ्हाडासारखा भाडेपट्टा हे मार्गही त्यांनी सुचवले होते. गोवा अखेर डिसेंबर १९६१ मध्ये लष्करी कारवाईने मुक्त झाला.

इथे दोन टोळ्यांपासून सावध राहायला हवे. पहिली टोळी हे भाषण दाखवून बाबासाहेबांना आपल्या उजव्या गोटात ओढते. तिला विचारा: त्याच बाबासाहेबांनी १९५१ मध्ये काश्मीरचा हिंदू-बौद्ध भाग भारताकडे आणि मुस्लीम भाग पाकिस्तानकडे जाऊ द्यावा असे सुचवले होते, ते मान्य आहे का? तिथे ही मंडळी गप्प होतात. सोयीचे वाक्य उचलायचे आणि माणूस फेकून द्यायचा, ही जुनीच रीत आहे.

दुसरी टोळी आपल्यातच आहे. ती बाबासाहेबांना भविष्यवेत्ता करून टाकते. ते ज्योतिषी नव्हते. चीनची चाल, तिबेटचा नकाशा, लष्कराचा खर्च त्यांनी अभ्यासला आणि निष्कर्ष काढला. त्यांचे सगळेच अंदाज खरे ठरले असेही नाही. अमेरिकेच्या पुढाकाराने उभ्या राहणाऱ्या सीटो कराराला भारताने विरोध का करावा, असे त्यांनी विचारले होते. तो करार पुढे फारसा टिकला नाही, १९७७ मध्ये ती संघटना गुंडाळली गेली. नव्या, गरीब देशाने कोणत्याच गटाच्या दावणीला बांधून घेऊ नये या नेहरूंच्या म्हणण्यातही तथ्य होते. हे मान्य केल्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगणारे तेच होते.

मग त्या ताईचा प्रश्न: सरकारने काय उत्तर दिले? सभागृहात त्या काळी उत्तरे मिळत होती, नेहरू स्वतः चर्चा मांडत आणि स्वतः उत्तर देत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने संसदेसमोर यायला सप्टेंबर १९५९ उजाडला, सीमेवर गोळीबार झाल्यानंतर. तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन जवळपास तीन वर्षे झाली होती.

आणि पुढे? १९६२ च्या युद्धाच्या वेळी प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. १९७५ मध्ये आणीबाणीत पुन्हा तेच. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात, गलवानच्या चकमकीनंतर तीन महिन्यांनी, कोरोनाचे कारण देऊन तो तास पुन्हा वगळला गेला. लेखी प्रश्न चालू राहिले, पण लेखी उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नाही. तारांकित प्रश्नाची खरी धार उपप्रश्नात असते, कारण तिथे मंत्र्याला अधिकाऱ्याने लिहून दिलेला कागद सोडून बोलावे लागते. जेव्हा प्रश्नाची सर्वात जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो बंद होतो. पक्ष बदलले, सवय तीच राहिली.

हमरापूरच्या माणसाला याच्याशी काय करायचे, असे कुणी म्हणेल. आपल्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती परदेशी जातात. आपली पोरे आखाती देशांत कामाला जातात. तिकडे युद्ध पेटले की इकडे डिझेल आणि घरी येणारा पैसा दोन्ही हलतात. संविधानाच्या अनुच्छेद ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, आणि लोकसभा आपल्या मतावर उभी आहे.

म्हणून पुढच्या अभ्यासवर्गात एक काम करायचे ठरवले आहे. खासदाराने परराष्ट्र आणि संरक्षण खात्याला किती प्रश्न विचारले, त्याची यादी संसदेच्या संकेतस्थळावरून काढायची. शून्य आले तर तेही फलकावर लिहायचे. जयंतीला मिरवणूक काढूच, पण २६ ऑगस्टलाही विहारात बसू आणि त्या ताईने विचारला तसा एक प्रश्न लिहून खासदाराला पाठवू.

जय भीम.