नायलॉन की रेडियल? जुन्या गाडीच्या टायरची गोष्ट

आजचा विषय तसा गॅरेजमधला आहे, पण त्याची मुळं थेट फ्रान्सपर्यंत जातात.

घरात जुनी पद्मिनी किंवा अँबेसिडर असली की कधी ना कधी हा वाद होतोच. इंजिन झालं, रंग झाला, आता टायर कुठले घालायचे? घरातले मोठे म्हणतात, गाडी आली तेव्हा होते तसेच नायलॉनचे घाला. तरुण मंडळी म्हणतात, आता कोण नायलॉन घालतं, सरळ रेडियल टाकू. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ते कसं, हे कळायला आधी टायरच्या पोटात डोकावू.

आपल्याकडे ज्याला ‘नायलॉन टायर’ म्हणतात तो बायस-प्लाय टायर. बायस म्हणजे तिरका. टायरच्या रबराखाली धाग्यांचे थर असतात. बायसमध्ये हे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरके जातात आणि पुढचा थर उलट्या दिशेने तिरका, फुलीसारखा. आधी हे धागे सुती होते, मग रेयॉनचे आले, मग नायलॉनचे. रचना मजबूत, बाजूच्या भिंती जाड, दगडधोंड्याला दाद न देणारी. पण चाक फिरताना हे थर एकमेकांवर घासतात आणि टायर तापतो. शिवाय भिंत आणि रस्त्याला टेकणारा भाग एकमेकांना बांधलेले असतात. वळणावर भिंत वाकली की खालचा भागही मुरडतो आणि पकड कमी होते.

हे कोडं सोडवलं मिशेलिन कंपनीतल्या मारियुस मिन्योल या माणसाने. हा मूळचा छापखान्यातला कामगार. टायरमध्ये उष्णता नक्की कुठे तयार होते हे शोधण्यासाठी त्याने एक विचित्र टायर बनवला. बाजूच्या भिंतीत रबर-कापडाच्या थरांऐवजी लांबलांब अंतरावर धातूच्या तारा, तऱ्हा अगदी पिंजऱ्यासारखी. लोकांनी त्याला नाव ठेवलं ‘माश्यांचा पिंजरा’. पण त्यातून कळलं की धागे सरळ आडवे, म्हणजे केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या त्रिज्येच्या दिशेने टाकले तर घर्षण खूप कमी होतं. त्रिज्या म्हणजे रेडियस, म्हणून रेडियल. मग रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा दिला. आता दोन कामं दोन भागांनी वाटून घेतली. भिंत मोकळेपणाने वाकते, पट्टा रस्त्यावर सपाट राहतो.

१९४६ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९४९ मध्ये ‘मिशेलिन एक्स’ बाजारात आला. टायर जास्त टिकायचा, कमी तापायचा, इंधनही कमी लागायचं. एवढं चांगलं होतं तर जगाने लगेच का नाही घेतलं?

इथेच या गोष्टीतला खरा मुद्दा आहे. त्या काळात सित्रोएन ही मोटार कंपनी मिशेलिनच्याच ताब्यात होती. त्यामुळे १९५५ ची सित्रोएन डीएस रेडियल गृहीत धरूनच तयार झाली. टायर आणि सस्पेन्शन एकमेकांसाठी बनले. अमेरिकेत मात्र मोटारवाले वेगळे, टायरवाले वेगळे. तिथल्या गाड्यांचं सस्पेन्शन मऊ बायस टायरवर जुळवलेलं. त्यावर नुसता रेडियल चढवला की कमी वेगात गाडी खडखडायची. टायर कंपन्यांनाही रेडियलसाठी नवी यंत्रं घ्यावी लागणार होती. मग मधला मार्ग म्हणून त्यांनी बायसच्याच धाग्यांवर पट्टा चढवलेला ‘बेल्टेड बायस’ टायर काही वर्षं विकला. रेडियल हा नेहमीचा टायर म्हणून देणारी पहिली अमेरिकी गाडी, लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क ३, थेट १९७० ची!

१९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि मग एकच घाई सुरू झाली. त्या घाईतलं सगळ्यात कुप्रसिद्ध प्रकरण फायरस्टोन ५०० चं. या रेडियलमध्ये पट्टा आणि रबर यांची पकड सुटायची आणि धावत्या गाडीचा टायर सोलून निघायचा. अपघात झाले, माणसं गेली, अमेरिकी काँग्रेसमध्ये सुनावणी झाली आणि १९७८ मध्ये एक कोटीहून जास्त टायर परत मागवावे लागले. एक भाग बदलताना बाकीची व्यवस्था जुनीच ठेवली की काय होतं, त्याचा हा महागडा धडा. सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं ओळखीचं वाटेल.

आता आपल्या पद्मिनीकडे येऊ. ही मूळची इटलीची फियाट ११०० डी. तिच्या टायरचा आकार ५.२०-१४, म्हणजे सव्वापाच इंचाच्या आसपास रुंद आणि १४ इंची रिमचा बायस. पॉवर स्टिअरिंग नाही. म्हणजे गाडीचं सगळं गणित अरुंद बायस टायरचं.

तरीही गाडी हायवेवर चालवायची असेल तर माझं मत रेडियललाच. ओल्या रस्त्यावर, घाटात, ब्रेक मारताना फरक जाणवतो. बायस टायर रस्त्यावरच्या चरांच्या मागे मागे जातो. रात्रभर उभ्या गाडीचे नायलॉन टायर खालून चपटे होतात आणि सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी थडथडते.

पण अटी आहेत. टायर अरुंदच घ्या. रुंद घेतला तर पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना खांदे दुखतील. बाहेरचा व्यास मूळ टायरच्या जवळचा हवा, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवेल. रेडियलची पकड जास्त, म्हणजे वळणावर रिमवर जोरही जास्त. पन्नास वर्षं जुनी रिम गंज आणि तडे बघूनच वापरा. ट्यूब घालणार असाल तर रेडियलसाठीची घ्या. मूळ पुस्तिकेतलं हवेचं प्रेशर बायससाठी आहे, ते जसंच्या तसं धरू नका. अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. आणखी एक फरक लक्षात ठेवा. बायस हळूहळू घसरतो, आधी इशारा देतो. रेडियल जास्त वेळ धरून ठेवतो, पण सोडतो तेव्हा पटकन सोडतो.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही प्रकार मिसळू नका. एकाच अ‍ॅक्सलवर तर अजिबात नाही. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन ही सगळ्यात धोक्याची जोडी, कारण वळणावर मागची चाकं आधी सुटतात आणि गाडी गरकन फिरते. स्टेपनीही त्याच प्रकारची ठेवा.

गाडी फक्त रॅलीत, प्रदर्शनात, हळू चालवायची आणि मूळ रूप जपायचं असेल तर बायस घ्यायला काहीच हरकत नाही. तो टायर टाकाऊ नाही. ट्रॅक्टरवर, उसाच्या टायरगाडीवर तो आजही राबतोय, कारण तिथे वेग कमी आणि ओझं फार.

प्रकार कुठलाही घ्या, टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचायला विसरू नका. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ‘२३१२’ लिहिलंय म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी वर्षाला हजारभर किलोमीटरही पळत नाही. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि आतलं रबर मात्र कडक होऊन तडकलेलं असतं. असा टायर रेडियल असो वा नायलॉन, बदलायचाच.

तुमच्या घरच्या जुन्या गाडीवर कुठले टायर आहेत? आज खाली जाऊन ते चार आकडे बघा आणि आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटूच!